ॲसिडबाई आणि ऑक्सिजनचं पाणी

शाळेतली मुलं त्यांना ॲसिडबाई म्हणत. पाठीमागे म्हणत, हे सांगायला नको. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. उलट इतक्या मठ्ठ पोरांना एवढं चपखल नाव सुचलंच कसं, याचं त्यांना नवल वाटे.

बाई रसायनशास्त्र शिकवायच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत लांबलचक ओटे, गळक्या तोट्या आणि खिडकीची एक काच कायमची फुटकी. त्या खोलीत शिरलं की मुलांचा आवाज आपोआप बसायचा. तपासलेल्या पेपरांवर बाईंचे शेरे असायचे. "हे वाचून शाईची दया आली." "उत्तर चूक आहे, पण प्रश्न बरोबर उतरवलात, अभिनंदन." मुख्याध्यापक बाटलीतल्या कुठल्याही पातळ पदार्थाला 'केमिकल' म्हणत आणि दोन पावलं मागे सरत. एकदा सगळ्या शिक्षकांसमोर बाई त्यांना म्हणाल्या, "साहेब, पाणीसुद्धा केमिकलच असतं. तुम्हीसुद्धा. घाबरायचं तर मग स्वतःपासून सुरुवात करा." तेव्हापासून साहेब प्रयोगशाळेचा जिना चढत नसत. बाईंच्या मते शाळेच्या इतिहासातली ती एकमेव सुधारणा होती.

लग्न त्यांनी उशिरा केलं. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. पहिल्या भेटीत हा गृहस्थ मूर्खासारखं एक वाक्य बोलला नाही, एवढ्यावर बाई खूश झाल्या. तो मुळात बोलतच नाही, म्हणून मूर्खपणाची संधी हुकते, हे पुढे संसारात कळलं. पण तोवर सवय झाली होती. संध्याकाळी तो खिडकीशी बसून बाईंच्या चष्म्याची काच पुसत बसायचा आणि बाई दिवसभरात भेटलेल्या मूर्खांची हजेरी घ्यायच्या. दोघांचं बरं चाललं होतं.

दिवस राहिले तेव्हा बाईंची सासू, म्हणजे खुर्चीत बसून जगाचा कारभार बघणारी एक भारदस्त म्हातारी, म्हणाली, "आता तरी ते वास घेणं बंद कर." बाई म्हणाल्या, "प्रयोगशाळेत वास येतो तो पोरांच्या मोज्यांचा. त्याने अजून कुणी मेलेलं नाही." आणि दिवस भरत आले तरी त्या शाळेत जात राहिल्या.

एका दुपारी फळ्यावर लिहिता लिहिता त्यांचं पोट दगडासारखं घट्ट झालं. खडू हातातून सुटला. खाली पाहिलं तर पायाशी रक्त. पुढच्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली. "रडतेस काय? खाली जाऊन गाडी बोलवायला सांग," बाई ओरडल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

वार सुटली होती. पोटातल्या बाळाला आईकडून जे काही मिळतं, रक्त, साखर, ऑक्सिजन, ते सगळं त्या वारेतून मिळतं. ती जन्माआधीच गर्भाशयाच्या भिंतीपासून सुटली की आत बाळाचा श्वासच तुटतो. कुणाची चूक नसते, कुणाचं पाप नसतं. सुटते, बस्स. दवाखान्यात तातडीने पोट फाडून मूल बाहेर काढलं. मुलगी होती. मेणासारखी पांढरी, ओल्या फडक्यासारखी लोळागोळा. ती रडली नाही. नळीने हवा भरून, छाती दाबून तिचं हृदय चालतं केलं आणि तिला थेट नवजात बाळांच्या कक्षात नेलं.

बाईंना शुद्ध आल्यावर बाळांचा डॉक्टर त्यांच्या खाटेशी आला. बुटका, चिरक्या आवाजाचा माणूस, एका बुटाची नाडी सुटलेली. बाईंनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि बोलण्याआधीच अर्धे मार्क कापले.

"तुम्ही काय करता?" त्याने विचारलं.

"रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे बाळ जरा अशक्त आहे वगैरे पोरखेळ माझ्यापुढे नको."

डॉक्टर खाटेच्या कडेवर बसला. "ठीक आहे. मग नीटच सांगतो. मेंदूच्या पेशीला काम करायला सतत ऊर्जा लागते, आणि ती साठवायची सोय तिच्याकडे नसते. ऑक्सिजन बंद झाला तेव्हा पेशींनी नुसत्या साखरेवर कसंबसं भागवायचा प्रयत्न केला. त्यातून ऊर्जा मिळते चिमूटभर, आणि मागे साचतं..."

"लॅक्टिक ॲसिड."

"बरोबर. ऊर्जा संपली की पेशीच्या भिंतीवरचे पंप बंद पडतात. मीठ आत शिरतं, त्याच्यामागून पाणी शिरतं, पेशी फुगते. एका पेशीने दुसरीला निरोप द्यायचं जे रसायन असतं, ग्लुटामेट, ते बाहेर सांडतं. एरवी ते लगेच उचललं जातं. उचलायलाही ऊर्जा लागते, आणि ती तर नाही. मग ते तसंच पडून राहतं, आणि शेजारच्या पेशींना एकच निरोप पुन्हा पुन्हा जात राहतो. उठा, उठा, उठा. त्या दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं, आणि पेशी स्वतःलाच आतून कुरतडायला लागते."

बाई म्हणाल्या, "पण आता रक्त पुन्हा पोचतंय. ऑक्सिजन मिळतोय."

"तिथेच तर खरी मेख आहे. रक्त परतलं की काही तास सगळं सावरल्यासारखं दिसतं. मग नुकसानीची दुसरी लाट येते. परत आलेला ऑक्सिजनही जखमी पेशीत नवी आग लावतो. त्या दोन लाटांच्या मधला वेळ आपल्या हातात आहे. म्हणून तिला आम्ही थंड ठेवलंय. अंग थोडं गार केलं की ही सगळी रसायनं मंदावतात. तीन दिवस असंच ठेवायचं आणि मग अगदी हळूहळू ऊब द्यायची."

"आणि मग ती कशी होईल?"

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाला.

बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मुख्याध्यापक, सासू, खात्याचे तपासनीस, आयुष्यात भेटलेला एकही माणूस हे दोन शब्द त्यांच्यासमोर बोलला नव्हता. कापलेले मार्क त्यांनी परत दिले.

गार गादीवरच्या त्या इवल्या जिवाला दुसऱ्या दिवशी झटके आले. थरथरणारा एक हात सायकलच्या पायडलसारखा फिरत राहिला. औषध दिलं, पुरं पडलं नाही, दुसरं दिलं. मोठ्या माणसाच्या मेंदूला जे रसायन शांत करतं, तेच नवजात मेंदूला कधी कधी उलट चिथावतं, म्हणून मोठ्यांची औषधं इथे हमखास चालतातच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढे मेंदूचं चित्र काढलं. हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या, खोलवरच्या गाठींवर डाग होते, आणि लॅक्टेट, म्हणजे तेच साचलेलं ॲसिड, जिथे दिसायला नको तिथे दिसत होतं. वरचा भाग, जिथे माणूस विचार करतो, तो बराचसा वाचला होता.

नवऱ्याने ते चित्र उजेडासमोर धरून पाहिलं, जसं तो काचेत ओरखडा शोधायचा. घरी आल्यावर त्याने लेकीला 'भिंगरी' म्हणायला सुरुवात केली. त्या सतत फिरणाऱ्या हातांना हे नाव म्हणजे बाईंना क्रूर थट्टाच वाटली. पण पोरगी त्या नावाला डोळे वळवायची, तेव्हा त्यांनी सोडून दिलं.

मग नातेवाइकांची रीघ लागली. बाई त्यांची वर्गवारी करायच्या. एक गट होता सुस्कारेवाल्यांचा. ते दारात चपला काढायच्या आधीच सुस्कारा सोडायचे. दुसरा गट 'आमच्या ओळखीत एक होता'वाल्यांचा. त्या ओळखीतला एक नेहमी सातव्या वर्षी अचानक उठून पळायला लागायचा आणि पुढे इंजिनिअर व्हायचा. तिसरा गट सासूचा, आणि त्यात ती एकटीच पुरेशी होती. "मी सांगत होते, वास घेऊ नकोस," ती प्रत्येक पाहुण्यासमोर म्हणायची. बाई एकदाच म्हणाल्या, "वासाने वार सुटत असती, तर तुमच्या स्वयंपाकाने या घरात एकही पोर जन्मलं नसतं." सासूने पुढचा आठवडाभर अबोला धरला. बाईंना तो आठवडा फार सुखाचा गेला.

पण या सगळ्यांवर कडी होती धाकट्या दिराची.

दीर हा धंद्यातला माणूस होता, म्हणजे धंदा बदलण्याच्या धंद्यातला. त्याने लोहचुंबकाची कडी विकली होती, चरबी वितळवणारे पट्टे विकले होते, आणि मध्यंतरी 'मनाची सुप्त शक्ती' नावाचा वर्ग काढला होता. तो बंद पडला, कारण त्याची स्वतःची सुप्त शक्ती सकाळी दहापर्यंत झोपेतून उठत नसे. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात 'विज्ञान म्हणतं', आणि विज्ञानाशी त्याचा संबंध एवढाच की शाळेत तो त्यात तीनदा नापास झाला होता. आता त्याने नवीन माल आणला होता, ऑक्सिजनयुक्त पाणी. निळी बाटली, तिच्यावर पांढरे ढग, आणि खाली लिहिलेलं, 'प्रत्येक घोट, एक श्वास'.

"वहिनी, साधा हिशेब आहे," त्याने बाटली टेबलावर ठेवली. "भिंगरीला ऑक्सिजन कमी पडला. बरोबर? मग तो भरून काढायचा. कमी पडलं ते घालायचं. विज्ञान म्हणतं..."

"भावोजी, विज्ञान तुमच्याशी बोलत नाही. तुमचं भांडण झालंय," बाई म्हणाल्या. "घर जळून गेल्यावर दाराशी बंब उभा करून काय उपयोग? तिला ऑक्सिजन कमी पडला तो जन्माच्या वेळी. आता तो तिला भरपूर मिळतो, फुकट, नाकातून. पोट म्हणजे फुप्फुस नव्हे. माशांनासुद्धा कल्ले लागतात. तुमच्या बाटलीत जो काही वायू कोंबलाय, तो झाकण उघडताच निम्मा उडणार, आणि राहिलेला ढेकर होऊन बाहेर येणार."

दीर हसला. अपमान झाल्यावर तो नेहमीच हसायचा. त्याच्या धंद्याला तेवढं एकच भांडवल लागायचं. "वहिनी म्हणजे ना, खतरनाक! दादा, तू कसा राहतोस रे?"

दादा काच पुसत होता.

भिंगरी वाढत होती. हात एखाद्या वस्तूकडे न्यायचा म्हटला की तो वाटेत मुरडायचा, बोटं भलतीकडे पसरायची, मानही त्यांच्यामागून वळायची. पण डोळे चलाख. कुणी वेड्यासारखं काही बोललं की ती डोळे असे फिरवायची की बाईंना आरशात पाहिल्यासारखं वाटायचं. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी बाई तिला व्यायामाच्या केंद्रात न्यायच्या. तिथे भिंतीलगत आडवे लाकडी दांडे होते, रंग उडालेल्या गाद्या होत्या, आणि पालकांना बसायला एक बाक. त्या बाकावर बाईंच्या शेजारी एक शिवणकाम करणारी बाई बसायची. तिच्या मुलाचीही गोष्ट तीच होती, जन्मताना श्वास कोंडला होता. मुलाला झटके यायचे, त्यावर रोजची गोळी होती. शिवणवाली बोलकी होती आणि प्रश्न फार विचारायची. गोळी दुधातून दिली तर चालेल का, मेंदूचे स्कॅन काढताना मेंदू भाजतो का. बाई उत्तर द्यायच्या, पण असं की पुढचा प्रश्न विचारायची हिंमत होऊ नये. "अहो, भाजायला तो काय बटाटा आहे?" एवढंच. शिवणवाली ओशाळून हसायची आणि हातातली शिलाई पुढे सुरू करायची.

भिंगरी दांड्यांना धरून पहिल्यांदा चालली तेव्हा तिच्याबरोबर वडील होते, आणि नेमका त्या दिवशी दीरही तिथे उगवला होता. त्याने मोबाइलवर सगळं टिपलं. हे टिपल्याचं बाईंना कुणी सांगितलं नाही. त्यांना सापडल्या त्या बाटल्या. चपलांच्या कपाटामागे केरसुणी घालायला गेल्या, तर निळ्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग खडखडत बाहेर आला.

संध्याकाळी नवरा घरी आला. बाईंनी एक बाटली त्याच्यासमोर धरली.

"हे काय आहे?"

"पाणी."

"ते मलाही दिसतंय. कुणाला पाजत होतास?"

"भिंगरीला. रोज थोडं."

"तुला हे खरं वाटतं? तुझ्या त्या गाढव भावाचं?"

"नाही," नवरा म्हणाला.

"मग?"

त्याने चष्मा काढून हातात धरला. "तुला सगळं कळतं. कुठलं रसायन कुठे सांडलं, काय फुगलं, काय जळलं. ते कळलं की तुझं भागतं. मला नाही कळत. मी दुसरं काय करू? झाकण तरी उघडता येतं मला."

लग्न झाल्यापासून तो एका दमात एवढं बोलला नव्हता. बाईंनी ते ऐकलं आणि त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जी आजवर फक्त मुख्याध्यापकांच्या वाट्याला आली होती. "मग नळाचं तोंड उघडत जा. तेच पाणी आहे," त्या म्हणाल्या आणि बाटल्या कचऱ्यात टाकायला निघून गेल्या. त्या दिवसापासून नवरा गप्प झाला. त्याच्या बाबतीत हे ओळखायला बाईंना बरेच दिवस लागले.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत शिवणवाली केंद्रात दिसली नाही. कंटाळली असेल, बाईंनी मनात म्हटलं, असली माणसं चार दिवस उत्साह दाखवतात. मग केंद्रातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं की तिचा मुलगा दवाखान्यात आहे. झटका आला आणि थांबेचना. बाई शाळा सुटल्यावर गेल्या. मुलगा झोपला होता, नाकात नळी, ओठ सुकलेले. शिवणवाली स्टुलावर बसली होती. आज तिच्या हातात शिवणकाम नव्हतं.

"गोळी चुकली का?"

"बंद केली होती," शिवणवाली म्हणाली.

"बंद केली? कुणी सांगितलं?"

शिवणवालीने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून दिला. जाहिरातीचा छापील कागद. त्यावर निळी बाटली, आणि बाटलीशेजारी दांडा धरून चालणारी भिंगरी. 'जन्मतः ऑक्सिजन नव्हता. आज पाहा!' खाली दिराचा हसरा चेहरा.

"तुमची मुलगी बघितली आणि मला वाटलं, बाई एवढ्या हुशार, शिकलेल्या. त्यांनी दिलं म्हणजे खरंच असणार. तुमच्या दिरांनी सांगितलं, गोळ्यांनी मेंदू सुस्त होतो, पाणी सुरू केलं की हळूहळू सोडा."

बाईंचा संताप सरळ समोरच्या बाईवर उसळला. "आणि तुम्ही सोडलीत? डोकं गहाण ठेवलं होतं का? मला विचारायला काय झालं होतं? दर आठवड्याला शेजारी बसत होता ना?"

शिवणवालीने मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते. "तुम्हाला? तुम्हाला काय विचारायचं, बाई? तुम्हाला विचारलं की माणूस बटाटा होतो. ते माझ्या घरी येऊन तास तास बसले. माझ्या मुलाला नावाने हाक मारली. तुम्हाला माझ्या मुलाचं नाव माहीत आहे?"

बाईंना ते माहीत नव्हतं.

त्या घरी चालत आल्या. रस्त्यात औषधाच्या दुकानाच्या काचेवर तोच कागद चिकटवलेला होता. बाईंनी तो ओरबाडून काढला. दुकानदार "अहो, अहो" करत बाहेर आला, पण त्यांचा चेहरा बघून आत गेला. घरी त्यांनी कागद नवऱ्यासमोर ठेवला आणि मुलगा दवाखान्यात असल्याचं सांगितलं. टोमणा मारला नाही. नवऱ्याने तो कागद उचलून चष्म्याजवळ धरला. मग म्हणाला, "रविवारी त्याचा कार्यक्रम आहे. भिंगरीला घेऊन या म्हणाला होता. मी नाही म्हणणार होतो."

"जाऊ या," बाई म्हणाल्या.

हॉल भाड्याचा होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, निळा पडदा, आणि दाराशी बाटल्यांचे मनोरे. माणसं मात्र खूप आली होती. बाईंनी आल्या आल्या नजर फिरवली. एरवी त्यांनी या सगळ्यांना एका शब्दात निकालात काढलं असतं. पण पुढच्या रांगेत कुणाच्या मांडीवर मान लुळी पडलेलं बाळ होतं, कुणाच्या शेजारी चाकाची खुर्ची होती, आणि तो शब्द त्यांच्या तोंडात तसाच राहिला. त्याऐवजी त्यांनी तो दिरासाठी जपून ठेवला.

दीर वहिनीला पाहून क्षणभर चपापला, मग नेहमीसारखा हसला. हा निगरगट्टपणा हीच त्याची खरी कमाई होती. "आणि आज आपल्यात आहे ती चिमुकली!" तो माइकवर म्हणाला. "माझी पुतणी! जिचा मेंदू ऑक्सिजनसाठी तडफडला होता!" नवऱ्याने भिंगरीला उचलून मंचावर खुर्चीत बसवलं. टाळ्या झाल्या. दीर गुडघ्यावर बसला आणि माइक तिच्या तोंडाशी धरला. आदल्या महिन्यात त्याने तिला पढवून ठेवलं होतं.

"सांग बेटा, काकाचं पाणी प्यायलं की काय होतं?"

भिंगरीचे हात मुरडले. मान एका बाजूला गेली, परत आली. तिला शब्द काढायला वेळ लागायचा, आणि हॉल शांत होऊन वाट बघत राहिला. दीर मायेने मान डोलावत होता.

"ढे...कर," भिंगरी म्हणाली. मग नीट श्वास घेऊन तिने वाक्य पुरं केलं. "मो...ठी."

मागून कुणीतरी फुसकन हसलं. मग अख्खा हॉल हसला. दीरही हसला, पण माइक मागे घ्यायला त्याला उशीर झाला, कारण तोवर बाई मंचावर चढल्या होत्या.

"शास्त्रीयदृष्ट्या तिने अचूक सांगितलं," बाई म्हणाल्या. त्यांना माइकची गरज नव्हती. "एका साध्या श्वासात जेवढा ऑक्सिजन असतो, तेवढा या बाटलीत नसतो. आणि असता तरी पोटातून मेंदूकडे त्याला वाट नाही. या मुलांच्या मेंदूला जे झालं, ते जन्माच्या वेळी झालं, पुढच्या थोड्या दिवसांत पुरं झालं. आज त्यांना हवेची कमतरता नाही. हा माणूस तुम्हाला हवा विकतोय, तीही पाण्यात भिजवून. एवढंच असतं तर मी त्याला फक्त गाढव म्हणून घरी गेले असते. पण याने एका आईला झटक्यांची गोळी सोडायला सांगितलं. तिचा मुलगा दवाखान्यात आहे. ज्यांनी कुणी गोळ्या सोडल्या असतील, त्यांनी इथून उठून सरळ डॉक्टरकडे जा. नंतर मला शिव्या द्या, चालेल."

"वहिनी, हे वैयक्तिक वादामुळे..." दीर म्हणाला. "मित्रांनो, वहिनींचा स्वभाव जरा... पण पोरगी चालली की नाही? चालली! डोळ्यांनी पाहिलंत!"

यावर काही माना डोलल्या. बाईंनी ते पाहिलं आणि त्यांना जीभ चावावीशी वाटली. लोक त्यांच्याकडे शाळेतल्या पोरांसारखेच बघत होते, दबून, आणि न पटून.

तेव्हा नवरा पुढे आला. त्याने भिंगरीच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि खाली बघत बोलायला लागला. मागच्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून लोक पुढे वाकले.

"मी तिचा बाप. ते पाणी मीच पाजत होतो. तिच्या आईपासून लपवून. रोज. त्याने काही झालं नाही. ती चालली, कारण ती दोन वर्षं त्या दांड्यांवर पडून उठून पडून उठत होती. मी पाहिलंय. पाणी मी माझ्यासाठी पाजत होतो." तो थांबला. "तुमच्यापैकी कुणी असंच करत असेल तर... मला कळतं. पण गोळी सोडू नका."

आणि त्याने लेकीला उचललं आणि मंचावरून उतरला.

पुढच्या रांगेतली बाळ घेतलेली जोडी उठली. त्यांच्यामागून आणखी काही. सगळे उठले नाहीत. दारातून बाहेर पडताना बाईंनी पाहिलं, एक सुटाबुटातला गृहस्थ दोन बाटल्या विकत घेत होता. "हा नक्की कुठेतरी मुख्याध्यापक असणार," त्या नवऱ्याला म्हणाल्या. नवरा हसला. कितीतरी महिन्यांनी.

दिराने पाण्याचा धंदा बंद केला, पण लाजेने नव्हे. लाज हा अवयव त्याला जन्मतःच नव्हता. कुणीतरी सरकारी खात्याकडे तक्रार केली, आणि माल पुरवणारा रातोरात गायब झाला. आता दीर आवाज ऐकवून झाडं वाढवायचा धंदा करतो. सासूने बाईंशी बोलणं कायमचं टाकलं. घरातली माणसं एकमेकांपासून तुटली याचं खापर तिने बाईंच्या डोक्यावर फोडलं, आणि बाईंनी ते आनंदाने वाहिलं.

शिवणवालीचा मुलगा घरी आला. गोळी पुन्हा सुरू झाली. पण तो आधी आधाराशिवाय बसायचा, ते गेलं. पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागलं. बाई केंद्रात तिच्या शेजारी जाऊन बसल्या तेव्हा शिवणवाली थोडी सरकली, जागा करायला की लांब जायला, ते समजलं नाही. बाईंनी माफी मागितली नाही, कारण ती त्यांना येत नव्हती. त्यांनी मुलाचं नाव विचारलं. मग गोळी रक्तात किती वेळ टिकते आणि एक वेळ चुकली तर काय होतं, हे पोरांना समजावतात त्याहून सावकाश सांगितलं. शिवणवालीने तिसऱ्यांदा तेच विचारलं, तेव्हा बाईंनी दात आवळले आणि चौथ्यांदा सांगितलं.

हळूहळू बाकावरची इतर मंडळीही कान देऊ लागली. बाईंचा सूर फारसा बदलला नाही. "हे कुणी सांगितलं तुम्हाला? मांजराने?" असं त्या अजूनही विचारायच्या. पण आता त्यापुढे उत्तरही द्यायच्या, पूर्ण. लोक चिडायचे आणि पुन्हा यायचे. बोलता बोलता बाई दांड्यांकडे बोट करायच्या. "ती बघा. हालचालींच्या गाठींना मार बसला, पण अक्कल शाबूत आहे. म्हणजे काय झालं असेल, सांगा बघू?"

एका संध्याकाळी घरी जाताना भिंगरी चाकाच्या खुर्चीतून म्हणाली, "आई. बोट... नको."

"काय?"

"काकाने बाटली... धरली. तू बोट." तिचा हात हवेत मुरडत वर गेला, तिला हवा तसा नाही, पण दिशा कळत होती. "मी... तक्ता आहे? भिंतीवरचा?"

बाई रस्त्याच्या कडेला थांबल्या. लेकीकडे त्यांनी पाहिलं, आणि पोरगी डोळ्यांत तोच तुच्छतेचा भाव घेऊन त्यांच्याकडे बघत होती, शेरा लिहून पेपर परत करावा तसा.

"नाहीस," बाई म्हणाल्या.

"मग?"

"मग नाही दाखवणार."

पुढच्या खेपेला केंद्रात एका नवीन बापाने विचारलं, "ती तुमची मुलगी का? तिला काय झालं होतं?" बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. "तिलाच विचारा," त्या म्हणाल्या. "पण वेळ काढून विचारा, आणि मूर्खासारखं विचारू नका. ती ऐकून घेत नाही."

तो माणूस दांड्यांकडे गेला. भिंगरी शिवणवालीच्या मुलाशेजारी गादीवर बसली होती. तो पाठीला उशी लावून बसायचा सराव करत होता आणि पुन्हा पुन्हा एका बाजूला कलंडत होता. माणूस वाकून काहीतरी बोलला. भिंगरीने त्याला खुणेने थांबायला सांगितलं, आधी शेजारच्याला खांद्याने ढकलून सरळ बसवलं, आणि मग त्या माणसाकडे वळली.